डोंगरातल्या वाडीचे सांडपाणी आणि खालचा झरा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात मी तुमच्याशी भाताच्या खाचरांविषयी, नाचणीच्या रोपांविषयी, आंब्याच्या मोहोराविषयी बोलत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज बोलायचं आहे मोरीच्या पाण्याविषयी. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसानं मोरीत कशाला डोकं घालावं? पण हा विषय पाण्याचा आहे, मातीचा आहे आणि उताराचा आहे. या तीन गोष्टी तुमच्याइतक्या कोणाला कळतात? म्हणूनच मी तो आपल्याकडे घेतला आहे.

सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या तुम्ही पाहिलेल्या आहेत, पुष्कळजण राहताही तिथंच. घरं वर, उतारावर. खाली ओढा. घरं आणि ओढा यांच्यामध्ये कुठं तरी कातळाच्या पोटातून निघणारा झरा. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो आणि उताराने वाहून जातो. चैत्र-वैशाखात त्याच घाटातल्या वाड्यांना हंडाभर पाण्यासाठी झऱ्यापाशी ताटकळत बसावं लागतं. अशा वाडीत झरा म्हणजे घरातल्या माणसासारखा असतो.

पूर्वी या वाड्यांना सांडपाण्याचा प्रश्न फारसा नव्हताच. बाईने डोक्यावरून दोन हंडे आणायचे, त्यात सगळं घर भागवायचं. मोरीतून निघणारं पाणी अंगणातल्या अळवाला आणि केळीला पुरत नसे. आता बऱ्याच वाड्यांत नळ आला. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलेलं आहे. चांगली गोष्ट झाली. पण नळाने आलेलं पाणी घरात राहत नाही, ते दाराबाहेर जातं. हिशेब करून पाहा. पाच माणसांचं घर, माणशी 55 लिटर, म्हणजे 275 लिटर. त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश, म्हणजे 200 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. चाळीस घरांची वाडी असली तर रोज आठ हजार लिटर. उन्हाळ्यात ज्या टँकरची आपण वाट पाहतो, जवळजवळ तेवढं पाणी रोज आपल्याच दारातून चिखल करत उताराला लागतं.

आता मी तुम्हाला माझीच एक चूक सांगतो. वाडीचं नाव सांगत नाही. तिथं नळ आल्यावर वर्षाभरात दारोदार चिखल झाला, डास झाले. लोकांनी मला विचारलं, काय करावं? मी छापील नकाशा काढला आणि सांगितलं, प्रत्येक घराला एक शोषखड्डा करा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल. लोकांनी श्रमदानाने खड्डे केले. वरच्या आळीला मातीचा थर हातभर, खाली भेगाळलेला जांभा. तिथल्या खड्ड्यांत पाणी असं भराभर गडप व्हायचं, की आम्ही सगळे खूश झालो. चिखल गेला. वाडी कोरडी दिसू लागली. माझी पाठ थोपटली गेली.

पुढच्या आषाढात खालच्या झऱ्याच्या पाण्याला साबणाचा वास येऊ लागला. पाठोपाठ अकरा घरांत हगवण लागली. एका लहान मुलीला भर पावसात घोंगडीची झोळी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं लागलं. ती वाचली, म्हणून आज मी हे तुमच्यापुढे बोलू शकतो. आरोग्य सेवकांनी झऱ्याचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी काळं झालं. झऱ्यावरच्या एका आजीबाईंनी मला एवढंच विचारलं, की तुम्ही खड्डा खणायला सांगितलात, पण त्या खड्ड्यातलं पाणी पुढं कुठं जातं हे पाहिलंत का? मी ते पाहिलं नव्हतं.

वरचे चार खड्डे बंद केले, झऱ्याचा हौद उपसून टीसीएल टाकला. काही आठवड्यांनी बाटलीतलं पाणी काळं होईनासं झालं. खड्डेच सर्वस्वी कारण होते अशी शपथ मी घेणार नाही. पावसाळ्यात इतरही घाण वाहून येते. पण त्या दिवसापासून मी एक नियम केला. सांडपाण्याचा विचार खड्ड्यापासून सुरू करायचा नाही, झऱ्यापासून सुरू करायचा.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, वाडीची फेरी करा. गावातली जाणती चार माणसं, पाणी भरणाऱ्या दोन बाया आणि ग्रामसेवक यांनी मिळून वरून खालपर्यंत चालावं. झरे कुठं, विहिरी कुठं, पावसाळ्यात पाणी कुठून फुटतं, कातळ कुठं उघडा आहे, माती कुठं खोल आहे, हे कागदावर काढावं. कुठल्या घराचं पाणी कुठल्या झऱ्याच्या डोक्यावर येतं ते या फेरीत लगेच समजतं. शोषखड्डा किंवा संडासाचा खड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 10 ते 15 मीटर दूर हवा, असं सर्वसाधारण सांगतात. ते मातीच्या जमिनीला ठीक आहे. पण भेगाळलेल्या कातळात किंवा जांभ्यात हे अंतर धरून निर्धास्त राहू नका. माती पाणी गाळते, भेग गाळत नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला शक्यतो खड्डा नकोच.

दुसरी गोष्ट, जमिनीची परीक्षा. ही प्रत्येकाला करता येते. जिथं पाणी जिरवायचं आहे तिथं खड्ड्याच्या तळाच्या खोलीपर्यंत जाऊन फूटभर खोल एक लहान खळगा करा. तो पाण्याने भरा आणि ते जिरू द्या. माती चांगली भिजली, की पुन्हा भरा आणि पाण्याची पातळी एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर, उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्याऐवजी लांब चर घ्यावा. तासापेक्षा जास्त लागला तर तिथं पाणी जिरवण्याचा नाद सोडा. आणि पाणी मिनिटाभरात गडप झालं, तर खूश होऊ नका. खाली भेग आहे असं समजा. माझी चूक नेमकी इथंच झाली होती.

तिसरी गोष्ट, पाणी वेगवेगळं ठेवा. घरातून चार तऱ्हेचं पाणी निघतं. मोरी-न्हाणीचं, संडासाचं, गोठ्याचं आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं. चारही एकाच गटारात घातली की चारही बिघडतात. पागोळ्यांचं पाणी स्वच्छ असतं, ते दगडी पाटाने सरळ ओढ्याकडे जाऊ द्यावं. ते शोषखड्ड्यात शिरलं तर पहिल्याच मोठ्या सरीत खड्डा भरून वाहतो. गोठ्यातलं मूत आणि धुवण हे तर खत आहे. गोठ्याला थोडा ढाळ देऊन ते एका लहान टाकीत घ्यावं आणि उकिरड्यावर शिंपावं. ते ओढ्याला सोडणं म्हणजे पैसे ओढ्यात टाकणं.

आता मोरी-न्हाणीच्या पाण्याचं बोलू. हे पाणी जमिनीत सोडण्याआधी त्यातला गाळ आणि ओशटपणा अडवला पाहिजे. त्यासाठी न्हाणीबाहेर दोन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल अशी साक्याची टाकी बांधा. तोंडाशी जाळी. बाहेर जाणारा पाइप टाकीच्या आत खाली वळवलेला असावा, म्हणजे वर तरंगणारं तेल आणि साबणाचा साका मागे राहतो. टाकीला झाकण हवंच. लहान मुलं असतात. जाळी दोन दिवसांनी झटकायची, साका आठवड्याने काढायचा आणि तो शेणखताच्या खड्ड्यात टाकायचा. एवढं केलं नाही, तर पुढचा कितीही चांगला खड्डा काही महिन्यांत तुंबतो. खड्डा नापास झाला असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे जाळी झटकायची राहिलेली असते.

माती खोल आणि जागा सपाट असेल तर नेहमीचा शोषखड्डा करावा. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम, वर बारीक खडी. मधोमध तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या किंवा पेंढा. वरून पोतं आणि मातीचा थर. मडक्यातला पेंढा दर पंधरवड्याला बदलायचा. नांदेड जिल्ह्यात गावंच्या गावं अशा शोषखड्ड्यांनी उघड्या गटारांतून मोकळी झाली, हे तुम्ही ऐकलं असेल. ते काम वाखाणण्यासारखं आहे. पण तिथली जमीन वेगळी आणि आपला कडा वेगळा, एवढं ध्यानात ठेवून त्याचं अनुकरण करावं.

उतारावर मात्र खड्ड्यापेक्षा समपातळी चर बरा. पाणलोटाच्या कामात ए-फ्रेमने समपातळी रेषा कशी काढतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तीच रेषा घराच्या खालच्या अंगाला काढा. त्यावर सहा मीटर लांब, फूटभर रुंद आणि दीड फूट खोल चर खणा. तळाशी धुतलेली खडी घाला. खडीवर नळीची जुनी कौलं पालथी मांडली की पाण्याला वाट होते. त्यावर पेंढा आणि वर माती. असे दोन चर करा. आठवडाभर एकात पाणी सोडायचं, पुढचा आठवडा दुसऱ्यात. ज्याला विश्रांती मिळते त्यातली माती पुन्हा मोकळी होते. जमिनीला पाळी द्यावी लागते हे तुम्हाला मी काय सांगू? चराच्या खालच्या बाजूला केळी लावा. उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला रोज 15 ते 20 लिटर पाणी लागतं. म्हणजे एका घराच्या 200 लिटरवर आठ-दहा केळी सहज निघतात. नारळ, शेवगा, पपई, कर्दळ, जनावरांसाठी हत्तीगवत, हेही चालतं.

पण एक पथ्य आहे. कोथिंबीर, मुळा, काकडी असलं कच्चं खायचं काही या पाण्यावर करू नये. आणि पाणी झाडावर शिंपडू नये, मातीखालून द्यावं. धुण्याच्या सोड्याने जमीन खारवते आणि घट्ट होते. म्हणून कपड्यांना साबण बेताने वापरावा आणि अधूनमधून चराच्या जागी शेणखत घालावं.

काही वाड्यांत घरं इतकी दाटीची असतात की घरोघर चर काढायला जागाच नसते, किंवा खाली सगळा कातळच असतो. अशा ठिकाणी सगळ्या घरांचं पाणी बंद पाइपाने वाडीखाली, पण झऱ्याच्या वाटेपासून बाजूला न्यावं आणि तिथं वनस्पतींची गाळणी करावी. यंत्र नको, वीज नको, उतार आपल्या कामी येतो. भाताच्या खाचरासारख्या दोन पायऱ्या करायच्या. आधी एक साक्याचा हौद, एक दिवसाचं पाणी मावेल एवढा. चाळीस घरांना चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि मीटरभर पाणी राहील एवढा खोल हौद पुरतो. त्यापुढे खडीचे वाफे. माणशी सुमारे एक चौरस मीटर धरावा, म्हणजे 200 माणसांना 20 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असे दोन वाफे. खोली दोन फूट. तळ अजिबात झिरपता कामा नये. त्यासाठी चिकणमाती मळून ठोकावी किंवा शेततळ्याला घालतात तो जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. आत सुपारीएवढी धुतलेली खडी, पाणी येण्याच्या व जाण्याच्या तोंडाशी मोठे दगड. खडीत कर्दळ, पाणकणीस, वेखंड लावावं.

बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड असं उंच ठेवायचं, की आतलं पाणी खडीच्या दोन इंच खालीच राहील. वर पाणी दिसता कामा नये. पाणी दिसलं नाही तर डास अंडी घालणार कुठं? खडीवर आणि मुळांवर बारीक जीवजंतूंचा थर धरतो, तोच घाण खातो. पाणी पाच-सहा दिवस त्यातून हळूहळू सरकतं आणि बरंच निवळून बाहेर येतं. ते पिण्याचं झालं असं मात्र समजू नका. ते फळझाडांना, चाऱ्याला आणि बांधावरच्या झाडांना द्यावं.

डासांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गटाराच्या घाण पाण्यात होणारा डास हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. तेव्हा गटार बुजवलं म्हणून रांजण झाकायचं विसरू नका. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा.

आता संडासाचं. डोंगरात दोन खड्ड्यांचा संडास चांगला. एक खड्डा वापरात, दुसरा बंद. पाच माणसांना मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल खड्डा सुमारे तीन वर्षं पुरतो. तो भरला की चेंबरमधून वाट बदलायची आणि भरलेला खड्डा निदान दोन वर्षं झाकून ठेवायचा. मग त्यातून निघतं ते सोनखत. वास नाही, किळस नाही. आंब्या-नारळाच्या आळ्यात घालायला उत्तम. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर हवं. उतारावर ते शेजारी शेजारी करावेत, एकाच्या डोक्यावर दुसरा नको. न्हाणीचं पाणी या खड्ड्यात सोडू नका. दोन फुटांवर कातळ लागला तर सुरुंग लावून तो फोडू नका; भेगा वाढतात. खड्डा जमिनीच्या वर बांधून काढा, भोवती मातीचा भराव द्या आणि संडास उंच जोत्यावर घ्या.

ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं, ते उघड्या गटारात सोडू नये. त्यालाही शोषखड्डा किंवा चर हवा. दर दोन-तीन वर्षांनी टाकीतला गाळ यंत्राने उपसून घ्यावा. माणसाला टाकीत उतरवू नका. आत विषारी वायू असतो, एक श्वास जीव घेतो. वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. 2013 च्या कायद्याने माणसाकडून असं काम करून घेणं गुन्हाही आहे.

या सगळ्याला खर्च किती, हे तुम्ही विचाराल. घरचा चर तर घरच्या श्रमातच होतो. दगड, कौलं, पेंढा आपल्याकडे असतो. वाडीच्या गाळणीसाठी मात्र ग्रामसभेत ठराव करा, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम घाला आणि पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे सांडपाण्याच्या योजनांची चौकशी करा. ठरावात एक ओळ अवश्य लिहा: देखभाल कोण करणार? दरमहा घरटी थोडी वर्गणी आणि जाळ्या साफ करायची पाळी ठरवली नाही, तर पुढच्या वर्षी त्या कर्दळीत फक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसतील.

बंधूंनो, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्या महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात. सावित्री पश्चिमेच्या समुद्राला मिळते, कृष्णा पार पूर्वेच्या. वरच्या माणसाने सोडलेलं पाणी खालचा कोणीतरी पितच असतो. पण आपल्या वाडीत तो खालचा माणूस लांबचा नसतो. आपलीच लेक, आपलीच सून त्या झऱ्यावर हंडा लावून उभी असते. त्या आजीबाईंचा प्रश्न मी विसरलो नाही. आपणही कुदळ हातात घेण्याआधी तो एकदा विचारावा: हे पाणी पुढं कुठं जातं?

कापून जपून ठेवण्यासाठी थोडक्यात:

1. आधी झऱ्यांची फेरी, मग खड्डा.
2. एक इंच पाणी उतरायला लागणारा वेळ मोजा. फार हळू वाईट, फार झटपटही वाईट.
3. पागोळ्यांचं आणि गोठ्याचं पाणी वेगळं काढा.
4. साक्याची टाकी आणि जाळी यांशिवाय पाणी जमिनीत सोडू नका.
5. उतारावर समपातळी चर, दोन, पाळीपाळीने.
6. या पाण्यावर कच्चं खाण्याचा भाजीपाला नको.
7. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका.
8. पावसाळ्याआधी आणि पावसाळा लागल्यावर झऱ्याचं पाणी तपासून घ्या. लहान मुलांना पाणी उकळून द्या.

गाव करील ते राव काय करील, असं आपण म्हणतो. येत्या पावसाळ्याआधी एक फेरी तरी काढा. रामराम.